पगारी सेवा

आम्हां शिक्षकांच्या आयुष्यात एक वही फार महत्त्वाची असते. तिचे नाव सेवापुस्तक. रुजू झाल्याची तारीख, वेतनवाढी, रजा, बदल्या, असलीच तर एखादी ताकीद, हे सारे त्यात लिहिलेले असते. माझे सेवापुस्तक तेहतीस वर्षे हेडक्लार्कच्या कपाटात होते. निवृत्तीच्या वेळी पेन्शनच्या कागदांसाठी ते बाहेर निघाले, तेव्हा मी ते पहिल्यांदा शांतपणे वाचले. त्यातला प्रत्येक दिवस पगारी होता, आणि तरी सरकारदरबारी त्याचे नाव 'सेवा'. सेवाज्येष्ठता, सेवाशर्ती, सेवाखंड आणि शेवटी सेवानिवृत्ती. दुसरीकडे, आषाढीला वारकऱ्यांच्या पायांना तेल लावून देणारा न्हावी दमडी घेत नाही, तीही सेवाच. एकाच शब्दात आपण नोकरीही बसवली आणि पुण्यही बसवले.

हा शब्दाचा गुंता माझ्या डोक्यात पुन्हा जागा झाला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. ती पुण्यात एका मोठ्या कंपनीत संगणकाच्या कामाला होती. २०१३ साली तिच्या कंपनीने तिला एक महिना घानाला पाठवले, तेही ग्राहकाच्या कामासाठी नव्हे तर समाजकार्यासाठी! पगार चालू, विमानभाडे कंपनीचे, राहण्याखाण्याचा खर्च कंपनीचा. तिच्या सासरी यावरून बरीच चर्चा झाली म्हणे. सासरे म्हणाले, "पगार घेऊन कसली आलीय समाजसेवा? ही तर फुकटची सहल." ती मला विचारायला आली, "बाई, तुम्हांला काय वाटतं?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. इतिहासाच्या शिक्षकाला असे काही विचारले की तो आधी मागे जाऊन पाहतो. तेव्हापासून जे वाचत गेले, त्याची ही थोडी मांडणी.

परदेशात जाऊन लोकांसाठी अंगमेहनत करायची, ही कल्पना आजच्या अर्थाने पहिल्या महायुद्धानंतर आकाराला आली. तिचा एक जनक पिएर सेरेसोल. जन्म १८७९ चा, स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा. शिक्षणाने इंजिनियर. वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले, म्हणजे घर मोठे. पण हा मुलगा युद्धाच्या विरोधात उभा राहिला आणि सैन्यासाठीचा कर भरायला नकार दिल्याबद्दल तुरुंगातही जाऊन आला. १९२० च्या हिवाळ्यात तो फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एन नावाच्या गावात गेला. ज्या व्हर्दंच्या रणभूमीवर १९१६ साली लाखो फ्रेंच आणि जर्मन सैनिक मेले किंवा जायबंदी झाले, तिच्याच कडेचे हे उद्ध्वस्त गाव. सेरेसोलबरोबर वेगवेगळ्या देशांतली मूठभर माणसे होती, आणि विशेष म्हणजे त्यांत जर्मनही होते. ज्यांनी गाव पाडले त्यांच्याच देशातली माणसे ते उभारायला आली होती. त्यांनी तात्पुरती घरे बांधली, तोफगोळ्यांचे खड्डे बुजवले, रस्ते नीट केले. बोलणे पुरे, आता कृती, असा त्यांचा बाणा होता. यातूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था उभी राहिली.

पण या गोष्टीचा शेवट फारसा सांगितला जात नाही. जर्मन माणसे गावात काम करतात हे तिथे सर्वांना पचले नाही, आणि पाचेक महिन्यांत या मंडळींना ते गाव सोडावे लागले. हेतू शुद्ध होता, श्रम खरे होते, पैशाचा स्पर्श नव्हता. तरीही ज्यांच्यासाठी हे चालले होते, त्यांच्या मनातली जखम ओली होती. सेवा करणाऱ्याच्या मनात काय आहे, एवढ्यावर सगळे ठरत नाही, हा पहिला धडा त्या पहिल्याच शिबिराने दिला.

दुसरा धडा आपल्या देशातला. १५ जानेवारी १९३४ ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले. दहा हजारांहून अधिक माणसे गेली. मुंगेर आणि मुझफ्फरपूर ही शहरे ढासळली, शेतांत जमीन फाटून वाळू वर आली. (हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाचे फळ आहे असे गांधीजी म्हणाले आणि रवींद्रनाथांनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला, तो हाच भूकंप.) सेरेसोल यांची गांधीजींशी ओळख होती. १९३१ च्या डिसेंबरात गांधीजी रोमाँ रोलाँ यांना भेटायला स्वित्झर्लंडला गेले, तेव्हा ते भेटले होते. बिहारची बातमी कळल्यावर पंचावन्न वर्षांचा हा माणूस इकडे आला. राजेंद्रप्रसाद त्यावेळी बिहारमधले मदतकार्य चालवत होते. एकीकडे इंग्रज सरकार, दुसरीकडे काँग्रेसची समिती. दोघांचे एकमेकांशी पटणे कठीण, पण सेरेसोल यांनी दोघांबरोबर काम केले. पुढे त्यांचे काही सहकारीही आले, आणि १९३७ पर्यंत मुझफ्फरपूरच्या बाजूला, पुराची भीती असलेल्या गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्याचे काम चालले. इथे त्यांना गाव सोडावे लागले नाही. माझ्या मते याचे एक मोठे कारण असे की इथे आधीपासून काम करणारी स्थानिक माणसे होती आणि परदेशी पाहुणे त्यांच्या हाताखाली राबायला तयार होते.

तिसरे नाव आपल्या सोलापूरचे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानने चीनवर हल्ला केल्यावर चिनी सेनानी चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मदत मागितली. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी निधी उभारला, आणि १ सप्टेंबर १९३८ ला पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. यांतले चोळकर नागपूरचे, म्हणजे पाचांत दोन आपल्याकडचे. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन पुढच्या शिक्षणाची तयारी चालली होती, ती बाजूला ठेवून ते गेले. बाकीचे चौघे पुढे आपापल्या वेळी परतले. कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, त्या भाषेत व्याख्याने देऊ लागले, १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने ते गेले. मागे काही महिन्यांचा मुलगा, त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आमच्या पिढीने पुन्हा पुन्हा पाहिला.

कोटणिसांच्या शेजारी कोणालाही उभे केले की तो खुजाच दिसणार. म्हणून तुलना करायची नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यायची: चिन्यांनी डॉक्टर मागितले होते आणि यांनी डॉक्टरच पाठवले.

महायुद्ध संपले, वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या, आणि परदेशातल्या सेवेचे स्वरूप बदलले. आता ती मूठभर झपाटलेल्या माणसांची राहिली नाही, तिच्या संस्था झाल्या. १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये ॲलेक डिक्सन आणि त्यांची पत्नी मोरा यांनी 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' सुरू केली. शाळा संपलेली, विद्यापीठात जायला वर्षभर अवकाश असलेली मुले परदेशात पाठवायची, अशी ती योजना. मग अमेरिका. ऑक्टोबर १९६० मध्ये निवडणुकीच्या प्रचारात केनेडी रात्री दोन वाजता मिशिगन विद्यापीठात पोहोचले आणि जमलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले की, घानासारख्या देशांत जाऊन काम करायला तुमच्यातले किती जण तयार आहेत? अध्यक्ष झाल्यावर १ मार्च १९६१ ला त्यांनी आदेश काढून 'पीस कोअर' स्थापन केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सव्वीस तरुण-तरुणींची पहिली तुकडी भारतात, पंजाबात आली. १९७६ मध्ये भारतातले काम बंद होईपर्यंत असे चार हजारांहून अधिक लोक येऊन गेले. यात निखळ सेवा होती असे कोणी म्हणणार नाही. शीतयुद्ध चालू होते, रशियाकडे झुकू पाहणाऱ्या देशांना अमेरिकेचा माणुसकीचा चेहरा दाखवायचा होता.

आमच्या तालुक्याच्या गावीही तेव्हा असा एक उंच, लालबुंद तरुण दोन वर्षे होता. कुक्कुटपालन शिकवायला आलेला. लोक त्याला 'कोंबडीवाला साहेब' म्हणत. बाजारपेठेतल्या एका माडीवर राही, सायकलने हिंडे, मोडके मराठी बोले. मी शाळकरी मुलगी होते. त्याच्या कोंबड्यांचे पुढे काय झाले मला आठवत नाही, पण "हवा खेळती पाहिजे, जमीन कोरडी पाहिजे" हे त्याचे वाक्य गावातल्या बायका त्याच्याच हेलात म्हणून हसत, आणि तशी खुराडी बांधतही. दोन वर्षांत माणूस एवढे तरी करू शकतो.

मुंबईजवळच्या विक्रोळीला तर याहून नवलाची पाहुणी आली होती. लिलियन कार्टर, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई. पेशाने परिचारिका, विधवा. १९६६ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, त्या पीस कोअरमधून भारतात आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत जवळजवळ पावणेदोन वर्षे राहिल्या. आधी कुटुंबनियोजनाच्या कामात, नंतर दवाखान्यात. त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक १९७७ मध्ये निघाले. त्या वयात परका देश, परकी भाषा, आणि काम कसले, तर कारखान्याच्या कामगारांची मलमपट्टी! मी स्वतः आता त्या वयाच्या पुढे गेले आहे, त्यामुळे मला त्यांचे कौतुक जास्तच वाटते.

आता मालक, म्हणजे कंपन्या, या गोष्टीत कुठे शिरल्या? १९६४ मध्ये डेव्हिड रॉकफेलर यांच्या पुढाकाराने अमेरिकेत एक संस्था निघाली, जी मुख्यतः निवृत्त व्यवस्थापकांना गरीब देशांतल्या उद्योगांना सल्ला द्यायला पाठवी. पण नोकरीत असलेल्या माणसाला पगार देऊन, त्याची जागा राखून, परदेशी सेवेला पाठवण्याची पद्धत रुळली ती या शतकात. २००२ मध्ये टीएनटी या डच कुरियर कंपनीने संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाशी करार केला. माल वेळेवर पोहोचवणे हा ज्यांचा धंदा, त्यांची माणसे दुष्काळी भागांत धान्य पोहोचवण्याच्या कामाला मिळाली. २००३ मध्ये फायझर या औषध कंपनीने आपले कर्मचारी काही महिन्यांसाठी विकसनशील देशांतल्या आरोग्यसंस्थांना उसने द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाईनने, २०१२ मध्ये सॅप या जर्मन संगणक कंपनीने तेच केले.

यांतली सर्वांत गाजलेली योजना आयबीएमची, नाव 'कॉर्पोरेट सर्व्हिस कोअर'. नावावरूनच लक्षात येते की नजरेसमोर पीस कोअर होते. २००८ मध्ये पहिल्या तुकड्या निघाल्या. शंभर जागांसाठी कंपनीतल्या पाच हजारांहून अधिक लोकांनी अर्ज केले. निवडलेले लोक तीसहून अधिक देशांतले होते, आणि ते रोमानिया, तुर्कस्तान, व्हिएतनाम, फिलिपाईन्स, घाना आणि टांझानिया या सहा देशांत गेले. आधी तीन महिने आपापल्या घरून तयारी, मग एक महिना प्रत्यक्ष मुक्काम, मग परतल्यावर दोन महिने अनुभवाची उजळणी. एका तुकडीत दहा-पंधरा माणसे, आणि शक्यतो प्रत्येकाचा देश वेगळा.

प्रत्येकाचा देश वेगळा का? याचे उत्तर कंपनीने लपवलेले नाही. तिचे तेव्हाचे प्रमुख सॅम पाल्मिसानो यांनी २००६ मध्ये 'फॉरेन अफेअर्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला होता. उद्याची कंपनी एका देशाची नसेल, तिचे काम साऱ्या जगात विखुरलेले आणि तरी एकसंध असेल, असा त्याचा आशय. अशा कंपनीला पुढारी कसे लागतील? परक्या देशात, परक्या माणसांबरोबर, अपुऱ्या साधनांत काम निभावून नेणारे. असे पुढारी वर्गात बसवून तयार होत नाहीत. म्हणून हा महिना. तिथल्या लोकांना मदत, कर्मचाऱ्याला शिक्षण, आणि कंपनीला नव्या बाजारपेठेची ओळख, असे तिहेरी लाभाचे गणित उघडपणे मांडलेले होते.

माझ्या विद्यार्थिनीच्या सासऱ्यांचा आक्षेप इथे येऊन थांबतो. म्हणजे ही सेवा नव्हे, प्रशिक्षण! एका अर्थी ते खरेच आहे. पण मला कंपनीच्या या उघडपणाचा राग येत नाही. उलट बरे वाटते. 'आम्ही केवळ तुमच्या भल्यासाठी आलो आहोत' असे म्हणत जे आपल्या देशात आले, त्यांनी दीडशे वर्षे मुक्काम केला, हे आपण विसरलेलो नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यासाठी थोडे बाजूला जाते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी जाहीर केले की एड्सवरची तीन औषधांची मात्रा आपण आफ्रिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या एका संघटनेला दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी किमतीत देऊ. तोवर पाश्चात्त्य देशांत याच उपचारांना वर्षाकाठी दहा-पंधरा हजार डॉलर पडत. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने स्वस्त औषधांसाठी केलेल्या कायद्याविरुद्ध एकोणचाळीस औषध कंपन्या न्यायालयात उभ्या होत्या. जगभर टीका झाल्यावर एप्रिल २००१ मध्ये त्यांनी तो खटला मागे घेतला. आता सांगा, एड्सच्या रोग्याला कशाने अधिक दिलासा मिळाला? मदतीला आलेल्या उसन्या कर्मचाऱ्याने की औषधाच्या उतरलेल्या किमतीने? सिप्लाचा कोणी स्वयंसेवक विमानाने गेला नव्हता. तिने आपला रोजचा धंदाच वेगळ्या भावात करायचे ठरवले. कंपनीची खरी सेवा बहुधा तिच्या मुख्य धंद्यातच दडलेली असते, बाजूला काढलेल्या एका महिन्यात नव्हे. तो महिना वाईट नाही. फक्त त्याचे माप लहान आहे, ते लहानच सांगावे.

आता त्या मुलीचा अनुभव. घानात कुमासी नावाचे मोठे शहर आहे, अशांती राजांची जुनी राजधानी. तिथल्या एका सरकारी दवाखान्याच्या औषधभांडाराचा हिशेब संगणकावर चढवायचे काम तिच्याकडे आणि एका ब्राझिली सहकाऱ्याकडे आले. भांडार सांभाळणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्या जाड रजिस्टरमध्ये लिहीत. या दोघांनी चार आठवड्यांत सुरेख व्यवस्था करून दिली, एका तरुण कारकुनाला शिकवले, निरोपाचा कार्यक्रम झाला, फोटो निघाले. वर्षभराने तिने चौकशीचे पत्र पाठवले. उत्तर आले की तो कारकून बदलून गेला आणि संगणक बंद पडून आहे.

मला वाटले, ती हे सांगताना खट्टू होईल. तशी ती झालीही. पण मग म्हणाली, "बाई, त्या भांडारवाल्या बाईंनी रजिस्टर एक दिवसही बंद केलं नव्हतं. आम्ही तिथे असतानासुद्धा त्या संध्याकाळी बसून सगळं वहीत उतरवायच्या. मला तेव्हा वाटायचं, यांचा आमच्यावर विश्वास नाही. आता कळतं, त्यांनी असे पाहुणे आधीही पाहिले असणार."

"अगं, मग तू काय शिकलीस?"

"कुठलीही नवी पद्धत आणताना जुनी वही बंद करायची नाही. आता पुण्यातही मी तसंच करते. आणि आधी त्या वहीवाल्या बाईंना विचारायचं, की तुमची अडचण काय आहे. आम्ही ते पहिल्या दिवशी विचारलंच नव्हतं. आमचं काम पुण्याहून निघतानाच ठरलं होतं."

एवढ्या चार वाक्यांत सेरेसोल यांच्या पहिल्या शिबिरापासूनचा सारा इतिहास आला. बोलावले कोणी? विचारले कोणाला? राहिलात किती? आणि तुम्ही गेल्यावर मागे काय उरले? परदेशातली असो की घरची, कोणत्याही सेवेला हे चार प्रश्न विचारावेत असे मला वाटते. 'पगार मिळाला का?' हा प्रश्न या यादीत मी मुद्दामच घेतलेला नाही.

तो का घेतलेला नाही, ते माझ्या सेवापुस्तकावरून सांगते. शिक्षकाला शिकवण्याखेरीज कितीतरी कामे हुकमाने करावी लागतात. १९८१, १९९१ आणि २००१ च्या जनगणनेत मी दारोदार हिंडले. साक्षरता अभियानात रात्री कंदिलाच्या उजेडात शेतमजूर बायकांना अक्षरे गिरवायला शिकवले. १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाले. रविवारची सुट्टी बुडे, कुरकुर होई, मीही करत असे. ते काम आम्ही हौसेने घेतले नव्हते, वरून आदेश आला म्हणून केले. पण वर्षानुवर्षे, त्याच वस्त्यांत, त्याच घरांत, सुटलेल्या मुलांसाठी पुन्हा दुसऱ्या दिवशी, असे अंगणवाडीच्या ताई, आरोग्यसेविका आणि आम्ही मास्तरमंडळी जात राहिलो. १३ जानेवारी २०११ ला हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी आजारी पडली, ती देशातली रानटी पोलिओची शेवटची रुग्ण ठरली. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या प्रदेशाला पोलिओमुक्तीचा दाखला दिला. या कामाचे मोल पगार मिळाला म्हणून कमी झाले का? आणि आदेश होता म्हणून ती सेवा नव्हती का? निखळ नसेल, पण त्या मुलांचे पाय निखळ आहेत.

तेव्हा पगाराने सेवा बाटत नाही. ती बाटते घाईने, आणि समोरच्याला न विचारण्याने. उलट पगार चालू असल्यामुळेच एखादी साध्या घरातली, गृहकर्जाचे हप्ते भरणारी मुलगी घानाला जाऊ शकते. बिनपगारी सेवा पुष्कळदा ज्यांच्या घरी खायला असते त्यांनाच परवडते, हेही विसरू नये. सेरेसोल मोठ्या घरातले होते.

एक गोष्ट जाता जाता. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला सांगितले, आणि १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. त्याच्या नियमांत असे आहे की देशाबाहेर केलेले काम या खर्चात धरले जात नाही, अपवाद फक्त देशाच्या किंवा राज्याच्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. म्हणजे आपल्या एखाद्या कंपनीने घानाला माणसे पाठवली तर ती स्वखुशीने, कायद्याच्या हिशेबाबाहेर. आपल्याकडची गरज पाहता नियम समजण्यासारखा आहे. पण कोटणिसांना पाठवले तेव्हा आपला देश आजच्याहून कितीतरी गरीब होता, शिवाय गुलाम होता, हेही आठवते.

त्या मुलीच्या सासऱ्यांना मी काय उत्तर दिले, असे कोणी विचारील. मी त्यांना एवढेच म्हणाले की सहल म्हणा, प्रशिक्षण म्हणा, नाव काहीही द्या. पण तुमची सून एका परक्या देशातल्या भांडारवाल्या बाईंकडून काहीतरी शिकून आली आहे आणि त्या बाईंचे ऋण ती मानते. सेवा करायला गेलेल्या माणसाला समोरच्याचे ऋण वाटू लागले, तर त्याचा महिना वाया गेला असे मी म्हणणार नाही. मात्र कुमासीच्या त्या दवाखान्याचे काय, हा हिशेब अजून राहिला आहे. तो त्या मुलीने मांडायचा नाही. तिला तिथे चार आठवड्यांसाठी पाठवणाऱ्यांनी मांडायचा आहे.